झावळ्यांच्या राखेचा हिरवा रंग

गिरीज, मार्च महिना

प्रिय स्टॅनी,

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत ते घेऊन येणाऱ्या जेम्सने तुला निम्मी हकिकत सांगून टाकलेली असणार, आणि पापडी गावचा माणूस तो, तिखटमीठ लावल्याशिवाय थोडाच सांगणार. म्हणून मी आधीच खुलासा करून ठेवते. यंदा राखेच्या बुधवारी आपल्या गावातल्या लोकांच्या कपाळाला खाज सुटली हे खरं आहे. ती माझ्यामुळे सुटली हेही खरं आहे. पण फादरांनी मला चर्चच्या पायरीवरून परत पाठवलं ही शुद्ध थाप, आणि पप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं ही तिची धाकटी बहीण. तुझे पप्पा आत्ता माझ्यासमोर ओट्यावर बसून कोयत्याने सुक्या झावळ्या तोडतायत आणि मधूनमधून विचारतायत की पत्रात त्यांचं नाव आलं का. आलं म्हणून सांगितलं.

तू म्हणशील, रोज व्हॉट्सॲपवर बोलतो तर हे कागदाचं खूळ कुठून काढलं. एक तर फोनवर मी काही नीट सांगायला लागले की तुमचं जहाज नेमकं रेंजच्या बाहेर जातं. आणि खरं कारण असं की, गेल्या रविवारी तू म्हणालास, कंपनीने जहाजावरच्या कराराला मुदतवाढ देऊ केलीय, एजंटने कागद जेम्सकडेच दिलाय, तो जहाजावर चढला की सही करून टाकतो. मी म्हटलं, बरं. तू विचारलंस, चालेल ना? मी परत म्हटलं, बरं. त्या दोन 'बरं'नंतर मला धड जेवण गेलेलं नाही. तुझा कागद ज्या बॅगेतून येतोय त्याच बॅगेतून माझंही काहीतरी यावं, एवढ्यासाठी ही खटपट चालली आहे. जेम्स सोमवारी निघतोय, तेव्हा आज लिहून संपवायलाच हवं.

पण आधी बातमी. बातमी एवढी मोठी आहे की काल दुपारपासून माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत. एका वाक्यात सांगितली तर तुला तिची गंमत कळणार नाही, म्हणून मुळापासून सांगते. तू चहाचा मग घेऊन बस.

गेल्या वर्षी माझं काय चाललं होतं ते तू सुट्टीवर आलास तेव्हा पाहिलंसच. विरारच्या टॉवरमधल्या बायका शनिवारी शिकायला यायच्या, चाकावर एक वाकडा वाडगा करायच्या आणि त्याचे ढीगभर फोटो काढून जायच्या. चांगल्या होत्या, हात मळवून घ्यायला लाजत नव्हत्या. मग वाढदिवसाला वाटायच्या छोट्या कुंड्या, नव्या फ्लॅटच्या दारावरच्या नावाच्या पाट्या, दिवाळीला पणत्या. वांद्र्याच्या प्रदर्शनात स्टॉल लावला की लोक कप उचलायचे, उलटा करून बुड बघायचे, हाताने केलाय का विचारायचे आणि कौतुकाने परत खाली ठेवायचे. त्यात भट्टीचा गॅस सुटायचा, मातीची पोती सुटायची, पण घर तुझ्या पगारावर चालायचं. लूर्डस मावशी तर तोंडावरच म्हणायची, "स्टॅनी समुद्रावर कमावतो नि फेली मातीत घालते." मी हसायचे. हसून झालं की चाकावर येऊन बसायचे आणि वाटायचं, बाई चुकीचं तर बोलत नाहीये. शाळेतली चित्रकलेची नोकरी मी सोडली तेव्हा तू म्हणाला होतास, तुझी माती एकदा पोटाला लागू दे, मग मी जहाज सोडतो. तू ते गमतीत म्हणालास. मी ते गमतीत घेतलं नव्हतं.

तर जानेवारीतल्या प्रदर्शनात अश्लेषा नावाची एक बाई आली. मुंबईत तिचं हॉटेल आहे, किनाऱ्यावरचं जेवण देतं. माशांची आंबट कालवणं, तांदळाच्या भाकऱ्या, आपल्याकडचं मटणाचं इंदियालसुद्धा. तिने माझी मधाच्या रंगाची ताटली उचलली आणि खाली ठेवलीच नाही. हा रंग कुठल्या कंपनीचा, असं तिने विचारलं. मी सांगितलं, कंपनीचा नाही, आमच्या वाडीतल्या बावखलाचा आहे. बावखल म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हतं. मग मी तिला समजावलं की आमच्याकडे वाडीच्या मधोमध पाणी साठवायचं तळं असतं, उन्हाळ्यात ते उपसलं की तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ निघतो. तो गाळ आणि केळीच्या खुंटांची राख एकत्र कालवायची, भांड्यावर लावायची, भट्टीत ते वितळतं आणि त्याची काच होते. ती तिथेच स्टूल ओढून बसली. म्हणाली, या रंगाचे नमुने पाठवा, ताटल्या आणि खोलगट वाडगे. जमलं तर माझ्या हॉटेलातली सगळी भांडी तुम्हीच करायची. मी घरी येताना रिक्षावाल्याला उगाचच जास्त पैसे दिले.

आता गोष्टीत बादल्या येतात, तेव्हा नीट लक्ष दे. यंदा चर्चच्या आवारात फरशी बसवायचं काम चाललंय, म्हणून जुन्या झावळ्या जाळायचं काम फादर कॅल्विननी पप्पांकडे सोपवलं. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या आपण वर्षभर घरात क्रुसामागे खोचून ठेवतो, त्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, आणि त्यांचीच राख पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लागते, हे तुला काय सांगायचं. पण हे काम आपल्या वाडीत आलं म्हणून पप्पा किती फुगले होते ते तू बघायला हवं होतंस. घरोघर जाऊन त्यांनी झावळ्या गोळा केल्या, कमानीला लावलेल्या सबंध झावळ्याही आणल्या, विहिरीमागची जागा झाडून घेतली आणि तिथे जाळल्या. राख चाळणीतून चाळली, रंगाच्या रिकाम्या बादलीत भरली आणि झाकणावर खडूने क्रूस काढला. ती बादली ठेवली कुठे, तर माझ्या शेडमध्ये, माझ्या केळीच्या राखेच्या बादलीशेजारी. ती राखही पप्पांनीच जाळून गाळून दिलेली, तीही रंगाच्याच बादलीत. मला गाळ चाळताना भांडं टेकवायला काहीतरी सपाट हवं होतं, म्हणून मी दोन्ही झाकणं घेतली आणि काम झाल्यावर परत लावली. कुठलं कुठे लावलं हे कोण बघतंय. राख ती राख.

नमुन्यांची भट्टी लावली तो दिवस तुला आठवत असेल, कारण त्या दिवशी मी तुला छळलं होतं. सकाळी पेटवली, दुपारपर्यंत छान चालली, आणि मग निळी राहायची सोडून ज्वाळा पिवळी झाली आणि बघायच्या भोकातून बाहेर यायला लागली. माझी घाबरगुंडी उडाली. तुझं जहाज नशिबाने कुठल्याशा बंदराला लागलेलं होतं. तू म्हणालास, मोबाईल बर्नरजवळ धर आणि आवाज रेकॉर्ड करून पाठव. मी पाठवला. तू तो ऐकलास आणि सांगितलंस, बर्नरला काही झालेलं नाही, वर मी बनवलेली धुराड्याची झडप अर्धी अडकलीय, तिला आता हात लावू नकोस, तापलेली आहे, तुटेल. आहे तशी राहू दे. इतक्या लांबून, इंजिनाच्या खोलीत बसून, तू नुसत्या आवाजावरून झडप ओळखलीस. मी तशीच राहू दिली, भट्टी संध्याकाळी बंद केली, आणि गार झाल्यावर वसईच्या फॅब्रिकेटरला बोलावून ती झडप सरळ करून, ग्रीस लावून घेतली. इथवर मी किती शहाणी आहे ते बघ.

भट्टी उघडली तर सगळ्या ताटल्या हिरव्या. मधाचा रंग औषधालाही नाही. कच्च्या केळीच्या सालीचा असतो ना, तसा हिरवा, आणि काठाला जिथे काचेचा थर जाड होता तिथे जरा निळसर. स्टॅनी, रंग इतका देखणा होता की मला रडू आलं, आणि दुसरं रडू यासाठी आलं की हा कोणी मागितला नव्हता. पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता. मी फोटो काढून अश्लेषाला पाठवले, खाली लिहिलं की रंग बिघडलाय, माफ करा, चालत असतील तर नमुने पाठवते. तिचं काही उत्तर आलं नाही. गेली ऑर्डर, असं धरून मी पुन्हा कुंड्या करायला बसले. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, जाऊ दे गं, मी आहे ना. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

मग आला राखेचा बुधवार. सकाळच्या मिस्सेला अख्खं गाव होतं. फादरांनी राख पाण्यात कालवली, आम्ही रांगेत गेलो, आपण मातीचे आहोत याची त्यांनी दरवर्षीप्रमाणे आठवण करून दिली. मला दरवर्षी त्या क्षणी जरा हसू येतं, माझं तर दिवसभर तेच चाललेलं असतं. मिस्सा संपून बाहेर पडतो तोच लोक कपाळ चोळायला लागले. लूर्डस मावशीचं कपाळ घरी पोचेपर्यंत लालबुंद. ती शेजारणीला म्हणाली, यंदा माझी पापं वर आली गं. शेजारीण म्हणाली, तुझी एकटीची नाही, माझीपण खाजतायत. मीही कपाळ खाजवतच वाडीत शिरले, आणि खाजवता खाजवता थांबले. कारण ती खाज माझ्या ओळखीची होती. केळीच्या राखेत खार भरपूर असतो, ती पाण्यात कालवली की कातडीला चावते. म्हणून तर मी ती हातमोजे घालून कालवते आणि धुऊन घेते.

क्रुसाच्या झाकणाची बादली पप्पांनी चर्चमध्ये पोचवली होती. शेडमध्ये जाऊन उरलेली बादली उघडली. राखेत बोट फिरवलं तर एक बारीक काडी लागली, झावळीच्या हिराची. केळीच्या खुंटात हीर कुठून येणार. म्हणजे गावाच्या कपाळाला लागली ती केळी, आणि झावळ्यांची राख गेली होती हॉटेलच्या ताटल्यांत. पप्पा मागे येऊन उभे होते. मी सांगितल्यावर ते कट्ट्यावर बसले ते उठेनातच. म्हणाले, "बाय, देवाची राख हाय ती. त्या हाटेलात कोणकोण जेवल त्याच्यावर." मला हसू येत होतं आणि त्यांचा चेहरा बघून हसवतही नव्हतं. आयुष्यभर चर्चचं एकही काम न चुकवणारा माणूस, पहिल्यांदा एवढी जबाबदारी मिळाली, आणि सुनेने झाकणं बदलली.

आम्ही दोघं संध्याकाळी फादरांकडे गेलो. पप्पांनी पोशाख असा केला होता की जणू कोर्टात उभं राहायचंय. फादर कॅल्विननी सगळं ऐकून घेतलं, मग रुमाल काढून तोंडावर धरला, आणि बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. शेवटी म्हणाले, "फ्रेडरिक अंकल, आशीर्वाद मी बादलीतल्या राखेला दिला, ती कसली होती ते देवाला माहीत होतं. आणि जुन्या झावळ्यांची राख मातीला द्यायची असते. फेलीने मातीलाच दिली की." रविवारी त्यांनी मिस्सेनंतर सगळ्यांना सांगूनही टाकलं, आणि वर म्हणाले की ज्यांचं कपाळ अजून खाजतंय त्यांनी खोबरेल लावावं, पापाशी त्याचा संबंध नाही. अख्खं चर्च हसलं. लूर्डस मावशी तर इतकी हसली की दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून एक ताटली विकत मागितली. हो, विकत. पप्पांचा जीव भांड्यात पडला, पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की तो हिरवा रंग आशीर्वादाचा आहे.

आणि त्याच आठवड्यात अश्लेषाचा फोन. ती बाहेरगावी होती, फोटो उशिरा बघितले होते. म्हणाली, मी येते, ताटल्या कोणाला देऊ नका. दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गिरीजला हजर. पप्पांनी तिला शहाळं दिलं, मी त्या ताटलीत बोंबील तळून वाढले. तिने खाल्ले, ताटली पुसली, उजेडात धरली आणि म्हणाली, मध विसरा, मला हा हिरवा हवा. हॉटेलसाठी तर हवाच, पुण्यात ती दुसरं उघडतेय त्यालाही हवा, आणि फुटतुटीच्या बदल्यात वर्षभर लागत राहील तो वेगळा. अट एकच, सगळी भांडी याच रंगाची. तुम्हाला जमेल ना, असं तिने विचारलं. मी छातीठोकपणे हो म्हटलं. तिची गाडी वाडीच्या वळणाआड गेली आणि मी ताटली उलटीसुलटी करून बघायला लागले. रंग आपोआप झाला होता. तो कसा झाला हे मला कुठे ठाऊक होतं.

म्हटलं, सोपं आहे, झावळ्यांची राख करायची. वटारच्या आत्याच्या वाडीतून टेम्पो भरून सुक्या झावळ्या आणल्या, जाळल्या, तोच गाळ, तेच प्रमाण, भट्टी लावली. उघडली तर तपकिरी. धड मध नाही, धड हिरवा नाही, चहा सांडल्यासारखा. पप्पांनी आत डोकावून बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मी म्हटलं होतं." त्यांचं म्हणणं, साध्या झावळ्यांनी होणार नाही, फादरांकडून आशीर्वाद आणू. आणि स्टॅनी, तुझ्यापाशी काय लपवायचं, मी तयार झाले होते. एवढं केमिस्ट्रीचं वाचलेली मी, झावळ्यांच्या भाऱ्यावर पवित्र पाणी शिंपडून मागायला निघाले होते. फादरांनी काय म्हटलं असतं कोण जाणे, पण नेमका त्या दिवशी माझा फोन भरला.

काही उघडेना, म्हणून जुने फोटो आणि व्हॉइस मेसेज पुसायला बसले. त्यात एक लागला तो नुसत्या घुर्र आवाजाचा. आधी कळेना हा काय आहे. मग लक्षात आलं, हा तर नमुन्यांच्या दिवशीचा बर्नर. तो जड, घोगरा, घशात कफ असल्यासारखा आवाज. आणि झडप दुरुस्त करून घेतल्यापासून माझी भट्टी तर कशी मोकळ्या गळ्याने चालत होती. मी उठून उभीच राहिले. राख तर होतीच, गाळ होता, पण त्या दिवशी झडप अर्धी बंद होती. आत हवा कमी, ज्वाळेला श्वास पुरत नव्हता, म्हणून तिने गाळातल्या लोखंडाचा रंग बदलला. पुस्तकात मी हे पंधरा वेळा वाचलेलं आहे. पुस्तकात वाचलेलं आपल्या अंगणात घडलं की ओळखू येत नाही.

पण झडप बंद करायची तरी किती? तुला विचारावं तर तुमचं जहाज भर समुद्रात, तीन दिवस तुझा पत्ता नाही. मग मी आणि पप्पांनी काय केलं माहीत आहे? भट्टी तापवली, पप्पांनी फोन कानाला लावून तुला पाठवलेला तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, आणि मी लांब आकडीने झडप थोडीथोडी सरकवत गेले. पप्पा एका कानाने फोन ऐकायचे, दुसऱ्याने भट्टी, आणि हाताने खूण करायचे, आणखी, आणखी, जरा मागे. वाटेने जाणाऱ्यांना वाटलं असेल म्हातारा कोणाशी तरी भांडतोय. शेवटी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "आता दोघं सारखं बोलतात." तिथे झडप सोडली आणि संध्याकाळपर्यंत कोणीही तिच्याजवळ गेलं नाही.

काल दुपारी उघडली. वरची वीट काढली, बॅटरी मारली, आणि आत हिरवं. खालच्या फळीवर हिरवं, मागच्या कोपऱ्यात हिरवं. साध्या झावळ्यांचं, आशीर्वाद न दिलेल्या, आत्याच्या वाडीत पडून सुकलेल्या झावळ्यांचं. मी ओरडले असेन, कारण लूर्डस मावशी कुंपणापलीकडून धावत आली, तिला वाटलं भाजले. पप्पांनी एक ताटली हातात घेऊन दोन्ही बाजूंनी न्याहाळली. म्हणाले, "म्हणजे हा झडपेचा गुण." मग जरा विचार करून म्हणाले, "झडप आमच्या स्टॅनीने बनवलेली हाय." आणि तेव्हापासून ते झावळ्या तोडत बसलेत, कोणी सांगितलं नाही तरी. मी त्यांना म्हटलं, पावसाळ्याआधी शेड भरून लागतील. ते म्हणाले, मग वटारला परत टेम्पो पाठव.

कालच अश्लेषाला ताटलीचा फोटो पाठवला, आणि तासाभरात तिने वर्षभराचं काम पक्कं केलं. स्टॅनी, माझी माती पोटाला लागली. एखाद्या महिन्यापुरती नाही, लूर्डस मावशीला दाखवण्यापुरती नाही, घर चालेल अशी लागली. मी हे वाक्य लिहून दोनदा वाचलं, कारण ते खरं वाटत नव्हतं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. अश्लेषाने विचारलं, एवढी भांडी एका भट्टीतून निघतील का. मी म्हटलं, पावसाळ्याच्या आत दुसरी उभी राहील, याच्या दुप्पट. ती म्हणाली, बांधणार कोण, चालवणार कोण. मी म्हटलं, माझा नवरा. तुला न विचारता म्हटलं. तू बायकोच्या जिवावर बसणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि इथे बसायला मिळणारही नाही, दिवसभर भट्टीपाशी उभं राहावं लागेल. उद्या हे काम सुटलं तर दुसरं शोधू, दोघं मिळून शोधू. पण मी भट्टीसाठीही लिहीत नाहीये. भट्टी बांधणारा पैसे देऊन मिळतो. इतक्या वर्षांत विमानतळावर तुला सोडताना मी कधी जाऊ नकोस म्हटलं नाही. तू माझ्या चाकासाठी जात होतास, मग मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते. दर वेळी बरं म्हणाले, आणि घरी येऊन चाकावर बसले, कारण रडताना हात मळलेले असले की डोळे पुसता येत नाहीत आणि रडणं लवकर थांबतं. गेल्या रविवारीही बरंच म्हणाले. ते 'बरं' मी आज परत घेतेय. मला तू घरात हवा आहेस, सकाळी, संध्याकाळी, भांडायलासुद्धा. जेम्स कागद पुढे करेल तेव्हा त्याला सांग, बायको नको म्हणाली. सही करू नकोस, स्टॅनी. घरी ये.

तुझीच, आणि या वेळी वाट बघतेय असं उघड सांगणारी,
फेलिशिया